एक सोडून एक: आमचे केबलवाले नाना

खिशातून रुमाल काढला असेल तर परत ठेवून द्या. अशा लिखाणात शेवटच्या पानावर माणूस जातो, खुंटीला त्याची टोपी उरते आणि लिहिणाऱ्याचा गळा दाटतो, हे मलाही माहितीये. आमचे नाना कुठे जात नाहीत. ठणठणीत आहेत. शिवाय ते थोर शिक्षक नव्हते, त्यांनी मला घडवलंबिडवलं नाही. मी आधी बिघडलेला होतो, त्यांच्या संगतीत जरा जास्त बिघडलो, एवढंच. नाना आमच्या जळगावातल्या, पिंप्राळ्याच्या कॉलनीचे केबलवाले होते.

आता केबलवाला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जो उभा राहिला, तोंडात पुडी, डोळ्यावर गॉगल, ऐन मॅचच्या वेळी गायब, तो पण हा नाही. तो पुढे येतो. त्याचं नाव पप्पूशेठ.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. नाना चाळिशीचे असतील, पण सगळी कॉलनी, साठीचे म्हातारे धरून, त्यांना नानाच म्हणायची. खांद्यावरून तिरकी काळ्या वायरीची गुंडाळी, जानव्यासारखी. खाली स्कूटर. स्कूटरच्या डिकीत पक्कड, टेस्टर, चिकटपट्टी आणि हमखास दोन केळी. मूळ गाव असोदा, जळगावला लागूनच. घरची केळीची बाग. बाग धाकटा भाऊ बघायचा आणि नाना आमच्या कॉलनीत एका गच्चीवर डिश लावून, शेजारी पत्र्याची खोली घेऊन बसले होते. हे कसं झालं ते विचारू नका, चरित्र लिहायला मी बसलेलो नाही. एवढंच सांगतो की धाकटा भाऊ दर सणाला हसत हसत विचारायचा, "दादा, वावरात परत कधी येतो?" आणि नाना म्हणायचे, "लोकायले चित्र दिसनं बंद झालं म्हंजे येतो." हसायचे दोघं, पण नानांचं हसू आधी संपायचं.

मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे कॉलेजच्या कँटीनमध्ये होतो. माझं खरं शिक्षण नकलांचं. प्राचार्य, एसटीचा कंडक्टर, भाजीवाली, रेल्वे फाटकाची घंटा, सगळ्यांचे आवाज मी काढायचो. पण नाना काही केल्या जमेनात. मग कळलं की नाना बोलायच्या आधी घसा खाकरतात ते खाकरणं नसतंच, ती किक असते. दोन किका फुकट जातात, तिसऱ्या किकेला वाक्य सुरू होतं. आणि असोद्याच्या बोलीत 'ळ' ला घरात घेतच नाहीत. केळी म्हणजे केयी, डोळे म्हणजे डोये. ही दोन कुलपं उघडली आणि नाना माझ्या घशात येऊन बसले. त्यांना हे माहिती होतं. मला 'नकल्या' म्हणायचे. "ए नकल्या, मी कसा बोलतो ते मले करून दाखव." मी करून दाखवलं की गंभीर होऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "आवाज बरा आहे. अक्कल नही आली त्याच्यात."

नाना टीव्ही बघायचे नाहीत, तपासायचे. घरात शिरले की चपला काढून सरळ टीव्हीसमोर उकिडवे, नाक काचेपासून वीतभर. मागे अख्खं कुटुंब मान वाकडी करून बसलेलं. तोंडाकडे नानांचं लक्षच नसायचं. बातम्या देणारी बाई लागली की तिच्या कानाकडे बघायचे. "कानातले मनी मोजता आले पाहिजे. चेहरा काय, मुंग्यायमधूनबी दिसतो." तेव्हा पडद्यावर जी काळीपांढरी वळवळ यायची तिला मुंग्या म्हणायचे. मुंग्या घालवायला लोक सांगायचे, नाना, बूस्टर वाढवा. नाना उखडायचे. "बूस्टरनं चित्र वाढतं तशा मुंग्याबी वाढतात. बूस्टर म्हंजे भोंगा आहे, अक्कल नही."

आमच्या शेजारच्या कमलाक्कांनी एकदा त्यांना गाठलं. गल्लीतल्या बायकांच्या त्या पुढारी. दुपारची भांडी झाली की त्यांच्या ओसरीत बायका जमायच्या.

"नाना, काल लाईट गेली, आमच्या मालिकेचा भाग बुडाला. त्या सुमनचं लग्न झालं का हो?"

नानांनी विचार केला. "मंगयसूत्र होतं. काये मनी एकेक दिसू र्‍हायले होते."

"अगं बाई! झालं म्हणजे! कोणाशी?"

"त्याच्या शर्टाले बारीक रेघा होत्या. थरथरू र्‍हायल्या होत्या, मी वरून नीट केलं."

"अहो पण नवरा कोण? डॉक्टर का तो दुसरा?"

"ते मले नही मालूम," नाना म्हणाले. "रेघा आता थरथरत नहीत."

तर मुद्द्याची गोष्ट. आमच्या टीव्हींना बटणं बारा, आणि नानांच्या केबलवर चॅनल सहा. एक बटण चित्र, पुढचं बटण मुंग्या, मग चित्र, मग मुंग्या. एक सोडून एक. नवीन माणसाला वाटायचं, अर्धी केबल तुटलीये. तसं नव्हतं. घरात येणारी वायर एकच, आणि सगळे चॅनल तिच्यातूनच यायचे, एसटीच्या बाकावर बसल्यासारखे, प्रत्येकाला आपापली जागा. दोघं मांडीला मांडी लावून बसले की एकाचा कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. म्हणजे इकडच्या चित्रावर तिकडच्याची सावली, आडव्या रेघा, आवाजात गुरगुर. महागातली यंत्रं असतील तर म्हणे खेटून बसवले तरी चालतं. आपली यंत्रं साधी. म्हणून नाना मधली जागा रिकामी सोडायचे.

"नाना, चौथ्या बटणावर मुंग्याच आहेत," कोणी म्हटलं की दोन किका, मग उत्तर. "त्या मुंग्यायनंच तिसरं न् पाचवं साफ ठेवलं तुमचं. हात जोडा त्यायले."

आणि मग केळी निघायची. नानांच्या बोलण्यात केळी निघाली नाही असा विषय मी ऐकला नाही. "दोन खोडायमधी हात पसरून माणूस फिरला पाहिजे. लालूच करून मधी एक खोड घातलं तं तिघायचा घड बोटाएवढा निंघतो. व्यापारी बागेत येतो न् हसत परत जातो. वायरचंबी तसंच."

एकदा रद्दीत मला एक इंग्रजी मासिक सापडलं. त्यात जपानच्या नवीन टीव्हीचा लेख होता. ते मी गच्चीवर नेऊन नानांना वाचून दाखवलं. आपल्या टीव्हीचं चित्र सव्वासहाशे रेघांचं, जपान्यांनी हजाराच्या वर रेघांचं काढलं होतं. पडदा रुंद, थिएटरसारखा. मी मराठीत सांगताना आपल्या पदरचं बरंच घातलं: की माणूस रडला तर काच ओली होते, बाई तळत असेल तर वास येतो. नाना डोळे बारीक करून ऐकत होते. वासाला त्यांनी हात वर केला.

"वास सोड. जागा किती लागते त्याले?"

मी खाली बघितलं. खरंच लिहिलं होतं. अशा एका चित्राला साध्या चित्रांच्या कितीतरी पट रुंद जागा लागते, आणि ती कुठून द्यायची यावरच तिकडच्या मोठमोठ्या लोकांची भांडणं चालू होती. हे ऐकून नानांना जो आनंद झाला तो त्यांच्या भावाला केळीला भाव मिळाल्यावर पण होत नसेल. उठून उभे राहिले, डिशला टेकून. "पाह्य! जपानातबी जागेवरच गाडी अडली! साफ पाह्यजे तं जागा सोडा. मी काय वेगळं सांगू र्‍हायलो?" मग महिनाभर, कोणी जास्त चॅनल मागितले की, "जपानात विचारून या."

जपानात कोण जाणार, आम्ही धुळ्याला गेलो. धुळ्यात भटूभाऊ म्हणून नानांचे जुने ओळखीचे, त्यांची पण केबल. नानांना एक यंत्र त्यांच्याकडून आणायचं होतं. मी एसटीत करमणूक म्हणून बरोबर. भटूभाऊंच्या घरी टीव्हीवर बाराच्या बारा बटणं भरलेली. बातमीदाराच्या छातीवर दोन पैलवान कुस्ती करत होते आणि खालून गाण्यातल्या बाईचे पाय नाचत जात होते.

नाना उकिडवे बसले, नाक काचेला. घरात मयत झाल्यासारखे बसले होते.

"भटू, हे काय आहे भो?"

"बठ्ठा चॅनल दिसतस ना भो! आखो काय जोयजे?" भटूभाऊ खुशीत होते. सगळे चॅनल दिसतात, अजून काय पाहिजे?

"अरे हा पैलवान बातम्यायमधी घुसला!"

"घुसू दे ना! बातम्या चालू शेतस ना?"

धुळ्याच्या स्टँडवर नानांनी चहा घेतला नाही. परतीच्या एसटीत पारोळा गेल्यावर एकदम म्हणाले, "त्याच्याकडे गिऱ्हाईक वाढू र्‍हायले रे." मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "जपानात विचारून या." नाना हसले नाहीत.

कारण तोवर पप्पूशेठ आला होता. स्टेशनकडून वायर ओढत ओढत तो आमच्या फाटकापर्यंत पोचला होता. मोटरसायकल, गॉगल, आणि एकच वाक्य: "बारा बटणं, बारा चॅनल." त्याच्याकडे एक नवीन चॅनल होता. त्यावर दुपारी बायकांच्या मालिका लागायच्या, एकामागे एक, भांड्यांपासून चहापर्यंत. नानांच्या सहा जागांत तो बसत नव्हता. सहापैकी कोणाला उठवायचं? सरकारी उठवता येत नाही. बातम्या उठवल्या तर आबा, म्हणजे कॉलनीचे अध्यक्ष, स्वतः उठतील. क्रिकेट उठवलं तर आम्ही.

कमलाक्कांनी दोनदा सांगून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी सरळ प्लग काढला. आता हे नीट समजून घ्या. नानांचा एक बूस्टर त्यांच्या ओसरीत होता, त्यांच्याच लाईटवर चालायचा, आणि पुढची अख्खी गल्ली त्या बूस्टरवर; त्यांचा स्वतःचा टीव्ही मात्र बूस्टरच्या अलीकडून जोडलेला. त्यांनी प्लग काढला की अख्ख्या गल्लीच्या टीव्हीवर मुंग्या. नाना धावत आले. कमलाक्का तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, बूस्टर बंद आहे."

"हो का? माझी जागा रिकामी सोडली हो मी. तेवढीच तुमची केबल साफ राहील."

मी भिंतीपलीकडून ऐकलं. नकला मी करतो, पण हे मलाही सुचलं नसतं.

आबांनी मग न्याय जाहीर केला. रविवारी संध्याकाळी देवळासमोर कॉलनी बसेल आणि ठरवेल: नाना का पप्पूशेठ. अर्धी अर्धी केबल नको, खांबांवर वायरींचं जाळं होतं. नानांच्या गिऱ्हाइकांत आमची कॉलनी सगळ्यात मोठी. ती गेली की आजूबाजूच्या दोन गल्ल्या गेल्याच, आणि मग उरतं काय, तर असोदा, आणि धाकट्या भावाच्या हाताखाली थोरल्या भावाने बागेला पाणी देणं.

मी नानांना म्हणालो, "नाना, एका जागेवर दोन चॅनल घ्या ना. दुपारी बायकांचा, संध्याकाळी क्रिकेटचा. वायर बदलली की झालं."

"देव्हाऱ्यातले देव सकाय-दुपार बदलतो का तू? ज्याची जागा त्याची. माणूस अंधारात बटन दाबतो, त्याले त्याचा चॅनल जागेवर भेटला पाह्यजे."

"मग पप्पूशेठ भेटेल."

"भेटू दे," असं म्हणाले आणि चिकटपट्टीचं टोक शोधत बसले. ते काही केल्या त्यांना सापडेना.

रविवारी सकाळी असोद्याहून निरोप आला. केळीची कापणी, ट्रक दारात, माणसं कमी. नाना निघाले. मला म्हणाले, "दुपारी व्हिडिओ चॅनलवर कॅसेट लाव तेवढी. दुसऱ्या कशाले हात लावू नको. मी संध्याकाईच्या आत येतो." हा व्हिडिओ चॅनल म्हणजे नानांचा स्वतःचा. दुपारी सिनेमा, मधेमधे साडीच्या दुकानाची पाटी, आणि एक माईक. कोणाची गाय हरवली, कुठे नळ येणार नाही, ते नाना त्यावरून सांगायचे. पडद्यावर फक्त गणपतीचं चित्र, आवाज नानांचा.

मी कॅसेट लावली. सिनेमा मध्यंतरापर्यंत आला. खाली गल्लीत पप्पूशेठची मोटरसायकल फटफटत गेली, हळू, सगळ्यांना दिसेल अशी. माईक समोरच होता. त्याला हात लावू नको असं नाना म्हणाले होते खरे. मी हात नाही लावला, तोंड लावलं.

गणपती आला. दोन किका मारल्या. तिसरीला सुरू केलं.

"कॉलनीतल्या बठ्ठ्या मंडयीले नमस्कार. मी नाना बोलू र्‍हायलो. कृपया लक्ष द्या. कमलाक्का, कृपया तुम्हीबी ऐका. आपल्या वावरात आपन पावसायात मूग घेतो न् हिवायात हरभरा घेतो. वावर बदलतो का? नही. जागा तीच, पीक दुसरं. तसंच सोमवारपासून अकराव्या बटनावर दुपारी बायायच्या मालिका येतील, न् चहा झाला की क्रिकेट येईल. चित्रात पैलवान घुसनार नही, ही माझी जबाबदारी. कानातले मनी मोजून घ्या. कृपया धन्यवाद."

आणि सिनेमा सुरू केला. मग कमलाक्कांच्या ओसरीतून बायकांचा आवाज आला, पाण्याच्या टाकीत नळ सुटावा तसा.

संध्याकाळी नाना आले, शर्टावर केळीच्या चिकाचे डाग, चेहरा उतरलेला. देवळासमोर कॉलनी बसली होती, पप्पूशेठ मोटरसायकलला टेकून. नाना काही बोलायच्या आत कमलाक्का उठल्या.

"नाना, तुम्ही मनावर घेतलं, बरं वाटलं. मूग-हरभऱ्याचं सांगितलं तेव्हा कळलं बघा. प्लग लावलाय मी."

नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी देवळाचा कळस बघत होतो.

आबा म्हणाले, "पण नाना, दुपार-संध्याकाळ वायर बदलायला रोज गच्चीवर कोण बसणार? शब्द दिलाय तुम्ही."

नानांच्या घशात किक लागेना. एक, दोन, तीन, चार. पप्पूशेठने गॉगल वर केला. आता नाना म्हणणार, मी बोललोच नाही, आणि संपणार सगळं, असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाचाच आवाज सुचेना.

"मी बसेन," नाना म्हणाले. "शब्द दिला ना मी."

पप्पूशेठने गाडीला किक मारली. ती मात्र पहिल्या फटक्यात लागली.

पुढे बरीच वर्षं असंच चाललं. नानांनी हळूहळू दुसऱ्या जागांवर पण दोन दोन पिकं घेतली. सकाळी भजन आणि नंतर बातम्या, दुपारी मालिका आणि मग क्रिकेट, आणि मधली बटणं तशीच रिकामी, मुंग्यांनी भरलेली. दोनदा घोटाळा झाला, सुमनचा मुलगा सापडायच्या क्षणी बायकांच्या पडद्यावर स्पिनर बॉलिंगला आला. कमलाक्कांनी प्लग काढला. पण मणी मोजता यायचे. धाकटा भाऊ एका दिवाळीला आला, त्या दुपारी गच्चीवर बसून त्याने स्वतः वायर बदलली आणि "वावरात कधी येतो" हे विचारायचं विसरला.

पण ते नंतर. त्या रविवारी कॉलनी उठल्यावर नानांनी मला बोटानं बोलावलं आणि गच्चीवर नेलं. खोलीचं दार लावलं. माईक उचलला, बाजूला ठेवला, परत उचलला.

"नकल्या."

"हां नाना."

"मले न विचारता माझ्या तोंडानं बोलला तू."

"हां नाना."

"ते सोड. असोद्याच्या केयीवाल्याच्या तोंडी मूग-हरभरा घातला? मूग? अरे चार पिढ्या बागायतदार आहे आम्ही! आमच्या वाड्यात मूग डब्यात असतो, वावरात नही! कापनी करून आलो तं फाटकापाशी चहावाला म्हने, नाना, तुमचं कोरडवाहूबी आहे का? माझ्या बापानं ऐकलं असतं तं हिरीत उडी घेतली असती!"

"चुकलं नाना. पण केळीत तसं उदाहरण सापडेना, केळी तर वर्षभर एकच—"

"मंग हुडकायचं! घाई कशाची होती, सिनेमा चालू होता ना?" नाना दम घ्यायला थांबले. मला वाटलं, झालं. तर त्यांनी नाक अगदी माझ्या नाकाशी आणलं, काचेपाशी आणायचे तसं.

"न् हे कृपया काय आहे? तीन तीन वेया? उभ्या जन्मात कुनाले कृपया म्हनलो का मी? आता ती अक्का खाली सांगू र्‍हायली, नाना माईकवर किती गोड बोलतात. उद्यापासून रोज म्हनावं लागन ना मले, गाढवा!"